कॉलेजमधला पास रशर एनएफएलमध्ये चालेल की नाही, हे कशावरून ओळखावे?

आपला प्रश्न असा आहे की, अमेरिकन फुटबॉलमध्ये आपल्या विद्यापीठाच्या डिफेन्सिव्ह एंडने, म्हणजे बचावाच्या रांगेच्या टोकावरून क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्या खेळाडूवर) धावून जाणाऱ्या पास रशरने, या हंगामात १२ सॅक केले (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडले), मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठ संघांच्या एका लहान गटात) त्याच्या जवळपासही कुणी नाही, आणि तरीही एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या फेरीनिहाय निवडीच्या, अंदाजांत त्याचे नाव चौथ्या फेरीच्या वर सरकत नाही. हा लहान कॉन्फरन्सबद्दलचा आकस आहे की आणखी काही? आकस थोडाफार असतोच. मात्र गेली अनेक वर्षे हा खेळ ओहायोत राहून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, सॅकची संख्या पाहून खेळाडू जोखण्यापेक्षा त्याने समोरच्या टॅकलवर (क्वार्टरबॅकची राखण करणाऱ्या, रांगेच्या टोकाच्या खेळाडूवर) मात नेमकी कशी केली हे पाहणे अधिक भरवशाचे असते, आणि स्काउट (खेळाडू हेरणाऱ्या) मंडळींचे हात बहुधा तिथेच आखडतात.

नुसता आकडा किती फसवा असू शकतो, याची उदाहरणे दोन्ही बाजूंची आहेत. ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टनने २००७ मध्ये १४ सॅक केले, कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) २२५ पौंडांचा बार ३७ वेळा उचलला, आणि २००८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले. तेथील तीन हंगामांत त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही. उलट डॅनियल हंटरने लुइझियाना स्टेटकडून खेळताना आपल्या शेवटच्या, म्हणजे २०१४ च्या, हंगामात जेमतेम दीड सॅक (दोघांत वाटलेला सॅक अर्धा धरतात) केला होता. मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला तिसऱ्या फेरीत ८८ व्या क्रमांकावर निवडले, डिफेन्सिव्ह लाइनचे प्रशिक्षक आंद्रे पॅटरसन यांनी त्याच्यावर मेहनत घेतली, आणि २०१८ व २०१९ या दोन्ही वर्षी त्याने प्रत्येकी साडेचौदा सॅक केले. मोठा आकडा नेहमी खोटा ठरतो असे मात्र समजू नये. टेरेल सग्जने २००२ मध्ये अ‍ॅरिझोना स्टेटकडून २४ सॅक केले, ४० यार्डांची धाव संथ निघाली म्हणून तो दहाव्या क्रमांकापर्यंत घसरला, आणि पुढे एनएफएलमध्ये १३९ सॅक करून निवृत्त झाला.

म्हणून आपण पहिले काम हे करावे की, त्या बाराच्या बारा सॅकची चित्रफीत काढून त्यांची प्रतवारी लावावी. ज्यात त्याला अडवायला कुणी आलेच नाही, ज्यात एखादा रनिंग बॅक किंवा टाइट एंड, म्हणजे अडवणे हे ज्याचे मुख्य काम नाही असा खेळाडू, त्याच्या वाट्याला आला, ज्यात पाठीमागच्या बचावपटूंनी सर्व रिसीव्हर झाकून ठेवल्यामुळे क्वार्टरबॅक चार-पाच सेकंद चेंडू धरून उभा राहिला, असे सॅक बाजूला ठेवावेत. एनएफएलमध्ये चेंडू साधारण अडीच ते पावणेतीन सेकंदांत हातातून सुटतो, त्यामुळे उशिरा मिळालेले सॅक तेथे फारसे उपयोगी पडत नाहीत. मग ज्या प्लेमध्ये (चेंडूच्या एका खेळीत) सॅक झाला नाही, पण टॅकल हरला आणि क्वार्टरबॅकला घाईने चेंडू टाकावा लागला, ते प्ले त्यात मिळवावेत. कॉलेजमध्ये रन-पास ऑप्शन (धावायचे की पास द्यायचा हे ऐनवेळी ठरवणे) आणि स्क्रीन (जवळच दिलेला झटपट पास) यांचे प्रमाण फार आहे, कारण तेथे ऑफेन्सिव्ह लाइनमनला (टॅकलसारख्या अडवणाऱ्या खेळाडूंना) पासच्या वेळी तीन यार्ड पुढे जाण्याची मुभा आहे, एनएफएलमध्ये ती एकच यार्ड आहे. अशा प्लेमध्ये चेंडू लगेच सुटतो, परिणामी रशरला खऱ्या अर्थाने धावून जाण्याची संधी देणारे प्ले आपल्याला वाटतात त्याहून बरेच कमी भरतात, आणि जोखायचे असते ते त्याच प्लेवर.

आता असा एक प्ले जवळून पाहू. तिसरा डाउन (दहा यार्ड मिळवण्याच्या चार प्रयत्नांपैकी तिसरा) आहे, आठ यार्ड हवे आहेत, म्हणजे पास येणार हे सर्वांना ठाऊक आहे. चेंडू स्नॅप झाल्यावर (मागे क्वार्टरबॅककडे सोपवून खेळ सुरू झाल्यावर) रशरची पहिली तीन पावले पाहावीत. तिसरे पाऊल पडेपर्यंत तो टॅकलच्या खांद्याच्या बरोबरीला आला, तर टॅकलला मागे सरकत राहणे सोडून बाहेरच्या बाजूला वळावे लागते, आणि त्याची कंबर एकदा उघडली की आतली वाट मोकळी होते. त्यानंतर येतो हातांचा भाग. टॅकल छातीवर धक्का देण्यासाठी हात पुढे काढतो. कुस्तीत मनगटाची पकड सोडवल्याशिवाय पुढचा डाव लागत नाही, तसे येथेही ते हात झटकता आले नाहीत तर वेग असूनही रशर तेथेच अडकतो. शेवटी त्याच्या वळणदार धावेच्या कमानीच्या टोकाशी, सुमारे सात यार्ड खोल, त्याला क्वार्टरबॅककडे वळायचे असते. तेथे आतल्या पायाचा घोटा दुमडून, खांदा जमिनीकडे झुकवून, वेग न गमावता जो वळतो, तो पैसा वसूल करून देतो. ज्याचे अंग ताठ आहे तो क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो, आणि क्वार्टरबॅक निवांतपणे एक पाऊल पुढे सरकतो. एका सामन्यातील असे वीसेक प्ले लागोपाठ पाहिले की हा फरक कुणी सांगावा लागत नाही.

याच्या जोडीला दुसरा डाव आहे का, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्हिक बीस्ली २०१५ मध्ये क्लेम्सनमधून अटलांटा फाल्कन्सकडे आठव्या क्रमांकावर गेला, दुसऱ्याच वर्षी साडेपंधरा सॅक करून लीगमध्ये पहिला आला, आणि पुढच्या दोन हंगामांत प्रत्येकी पाचवर थांबला. माझ्या मते त्याच्यापाशी बाहेरून मारलेल्या मुसंडीपलीकडे फारसे काही नव्हते, आणि टॅकल मंडळींनी ती बाजू बंद करताच त्याचा धोकाच संपला. इंडियानापोलिस कोल्ट्सचा ड्वाइट फ्रीनीसुद्धा बाहेरूनच वेगाने यायचा, पण त्याच्यापाशी गिरकी घेऊन आत शिरण्याचा डाव होता, त्यामुळे बाहेरची बाजू राखायला धावणारा टॅकलच उघडा पडायचा.

मोजमापांना माझा विरोध नाही, फक्त त्यांतली योग्य ती पाहावीत. ४० यार्डांपेक्षा पहिल्या १० यार्डांची वेळ आणि तीन शंकूंभोवतीची धाव रशरबद्दल अधिक सांगतात, कारण त्याचे काम तेवढ्याच जागेत चालते. टी. जे. वॉट आणि एडन हचिन्सन या एनएफएलमधल्या दोन्ही नावाजलेल्या रशरांनी तीन शंकूंची धाव ६.८ सेकंदांच्या आत पूर्ण केली होती. बेंच प्रेसच्या (निजून बार उचलण्याच्या) आकड्याकडे मी तर पाहतही नाही. हातांची लांबी महत्त्वाची असते, पण तिच्यावरून नाव खोडू नये. हचिन्सनचे हात ३२ इंचांहून जेमतेम अधिक होते. २०२२ च्या ड्राफ्टआधी हीच मोठी चर्चा होती. मिशिगनच्या हचिन्सनने आधीच्या हंगामात १४ सॅक केले होते, तर जॉर्जियाच्या ट्रॅव्हॉन वॉकरने फक्त सहा. मात्र वॉकर २७२ पौंड वजनाचा असून ४.५१ सेकंदांत ४० यार्ड धावला, त्याचे हात साडेपस्तीस इंचांचे, आणि जॉर्जियाने त्याला पुष्कळदा आतल्या जागी खेळवल्यामुळे त्याचा आकडा कमी दिसत होता. जॅक्सनव्हिलने पहिल्या क्रमांकावर वॉकरला घेतले, डेट्रॉइटने दुसऱ्यावर हचिन्सनला. वॉकरने २०२३ मध्ये १० आणि २०२४ मध्ये साडेदहा सॅक केले, म्हणजे निवड वाया गेली असे कुणी म्हणणार नाही. पण हचिन्सनने २०२४ मध्ये पाय मोडेपर्यंत पाच सामन्यांतच साडेसात केले होते. दोघांतून मला निवडायचे असते तर मी तेव्हाही हचिन्सनलाच घेतले असते, कारण त्याचे हात आणि त्याचे डाव तयार होते.

वयही पाहावे. २३-२४ वर्षांचा रशर १९ वर्षांच्या टॅकलला लोळवत असेल, तर त्यातला काही भाग निव्वळ शरीर भरल्याचा असतो. रन (चेंडू घेऊन धावत केलेली चढाई) रोखता येत नसेल तर पहिल्या दोन डाउनला तो बाकावर बसेल, एवढेही ध्यानात ठेवावे.

राहता राहिला लहान कॉन्फरन्सचा मुद्दा. खलील मॅक बफेलोचा, मॅक्स क्रॉस्बी ईस्टर्न मिशिगनचा, म्हणजे दोघेही तुमच्याच कॉन्फरन्सचे. २०१३ च्या पहिल्याच सामन्यात मॅकने ओहायो स्टेटविरुद्ध अडीच सॅक केले आणि इंटरसेप्शन (मध्येच पकडलेला पास) पळवत नेऊन टचडाउनही केला. पुढच्या वर्षी ओकलंड रेडर्सने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतले. क्रॉस्बी मात्र २०१९ मध्ये त्याच रेडर्सना चौथ्या फेरीत, १०६ व्या क्रमांकावर मिळाला आणि पहिल्याच हंगामात १० सॅक करून बसला. तुमच्या संघानेही सप्टेंबरमध्ये बिग टेन या मोठ्या कॉन्फरन्सच्या एखाद्या संघाशी सामना खेळला असेलच. तेवढा एक सामना काढून, धावफलकाकडे दुर्लक्ष करून, पासचे सर्व प्ले पाहावेत. तेथे त्याने पहिल्या तीन पावलांत टॅकलला वळायला लावले असेल आणि निदान दोन वेगवेगळे डाव वापरले असतील, तर चौथ्या फेरीत तो ज्या संघाला मिळेल त्याची चांदी आहे. ते सगळे १२ सॅक कॉन्फरन्सच्याच सामन्यांतले असतील आणि मोठ्या टॅकलसमोर तो छातीवर अडकून पडला असेल, तर मी त्याच्यावर चौथ्या फेरीचीही निवड खर्च करणार नाही.