यजमान निवडणुकीला उभे राहत असतील तर आकाशवाणीतली नोकरी सोडावी का?

आपली आकाशवाणीच्या जिल्हा केंद्रावर कार्यक्रम प्रमुख म्हणून नुकतीच नेमणूक झाली आहे, यजमान जिल्हा परिषदेला उभे राहत आहेत, आणि सासरचे व कार्यालयातले असे दोन्हीकडचे लोक ‘आता नोकरी सोडा’ म्हणत आहेत, तर काय करावे, असे आपण विचारले आहे. नोकरी सोडू नये. पश्चिम विदर्भातल्या एका जिल्हा केंद्रावर मी याच जबाबदारीवरून निवृत्त झाले आणि त्याच काळात माझे यजमान जिल्हा परिषदेचे सदस्य होते, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

नियमांची भीती आपल्याला कोणी घातली असेल तर ती आधी मनातून काढा. आपण २००७ च्या ऑक्टोबरपूर्वी रुजू झाला असाल, तर केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ आपल्याला लागू आहेत. त्यातला पाचवा नियम कर्मचाऱ्याला पक्षाचे सदस्यत्व आणि प्रचार या दोन्हींची मनाई करतो. पती किंवा पत्नीने निवडणूक लढवू नये, असे तो कुठेही म्हणत नाही. त्यातली एक तरतूद मात्र बहुतेकांना ठाऊक नसते: अंगावर, वाहनावर किंवा राहत्या घरावर निवडणूक चिन्ह लावणे हेसुद्धा कर्मचाऱ्याने वजन वापरणे समजले जाते. खेड्यात या एका ओळीने घरात केवढे वादळ उठते, हे मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला कळायचे नाही. आमचा जुना वाडा गावाच्या ऐन चौकात आहे. उमेदवारी जाहीर झाल्याच्या संध्याकाळीच कार्यकर्ते शिडी लावून माळवदावर चढले आणि काठ्यांना झेंडे बांधू लागले. मी ते उतरवायला लावले, तेव्हा सासूबाई ओट्यावरून मोठ्याने म्हणाल्या, “अवं माय, ज्याचं घर त्याच्याच घरावर झेंडा नाही, मंग लोकं काय म्हनतीन?” लोक बोलायचे ते बोललेच. शेवटी यजमानांनी बसस्थानकाजवळ एक गाळा भाड्याने घेतला आणि झेंडे, फलक, बैठका, चहा सगळे तिकडे हलवले. त्यांच्या जीपवर चिन्ह चिकटवलेले होते, म्हणून मतदान होईपर्यंत मी केंद्रावर एसटीनेच गेले-आले.

हे सोपे होते. अवघड ते पुढे आले, आणि आपला प्रश्न वाचताच मला तेच आठवले.

२०१७ च्या फेब्रुवारीत यजमान निवडून आले आणि त्याच खरिपात कपाशीवरच्या फवारणीने विषबाधा होऊ लागली. यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले, हे आता सर्वांना ठाऊक आहे; आमच्याकडेही रोज कोणी ना कोणी दाखल होत होते. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे औषधाचा फवारा उलटून तोंडावर, डोळ्यांत आणि छातीवर येत असे. यजमान दिवसभर रुग्णालयातच असत, कारण गावागावातून रुग्णांना गाडीत घालून आणणारे तेच होते, आणि कृषी विभागावर मोर्चा नेणारेही तेच होते.

आमच्या शेती विभागाने सुरक्षित फवारणीवरचा कार्यक्रम तिमाही नियोजनात आधीच घेतला होता, म्हणजे यजमान त्या विषयात पडण्याच्या कितीतरी आधी. आमचा मुलगा म्हणावा अशा वयाचा एक नैमित्तिक निवेदक रुग्णालयात जाऊन ध्वनिमुद्रण करून आला. वॉर्डातला खोकला, सलाइनच्या स्टँडचा खणखणाट, ‘डोळ्याला दिसत नाही, समदं धूसर दिसते’ असे सांगणारा एक मजूर, विषबाधेवरच्या अॅट्रोपिन या औषधाबद्दल सांगणारे डॉक्टर, आणि त्यांच्यामागून अगदी स्पष्ट आवाजात माझे यजमान. ते म्हणत होते की, तोंडाला दुपट्टा बांधून विष अडत नाही, उपाशीपोटी पंप पाठीवर घेऊ नका, आणि पराटी म्हणजे कपाशी डोक्याच्या वर गेली असेल तर मालकाने कितीही रोजी दिली तरी फवारायला जाऊ नका. संपूर्ण ध्वनिमुद्रणात सर्वांत उपयोगी बोलणे तेच होते. त्यांनी पक्षाचे नाव घेतले नव्हते की सरकारला एक शब्द लावला नव्हता, म्हणजे आकाशवाणीच्या संहितेतल्या, राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करू नये, या कलमातही ते अडकत नव्हते.

मी ते कापले. संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या आवाजाचा पट्टा निवडून काढला, पुन्हा एकदा ऐकून कुठे सांधा राहिला नाही ना ते पाहिले, आणि तोच मजकूर सांगायला त्या मुलाला संध्याकाळीच एका कृषी सहायकाकडे पाठवले. कृषी सहायकाचे बोलणे कोरडे आले. यजमानांचे ऐकणाऱ्यांपर्यंत अधिक पोचले असते, हे मला कापतानाही कळत होते. तरीही, पुन्हा तशीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, कारण त्या दिवशी त्यांचा आवाज गेला असता तर पुढच्या प्रत्येक शेतीविषयक कार्यक्रमावर ‘बाईच्या नवऱ्याचा कार्यक्रम’ असा शिक्का बसला असता, आणि खत-औषधांविषयी आम्ही सांगितलेल्या खऱ्या गोष्टीही कोणी खऱ्या मानल्या नसत्या. शेतात पंप पाठीवर घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा रेडिओवरचा विश्वास हीच आमची कमाई आहे.

दोन्ही बाजूंनी बोलणी खावी लागली. दुसऱ्या दिवशी यजमानांचा एक कार्यकर्ता दारात येऊन म्हणाला, “वहिनी, साहेबाचा आवाज काहून काढला जी? थे काय परके हायेत?” आणि त्याच आठवड्यात विरोधी गटाने वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली की, हा सगळा कार्यक्रमच सदस्याच्या मोर्चाला बळ देण्यासाठी केला आहे. माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला. मी तिमाही नियोजनाची प्रत, क्यू शीट (कार्यक्रमात काय कोणत्या क्रमाने वाजले त्याचा कागद), ड्युटी रूमचे लॉगबुक (प्रसारणाची रोजची नोंदवही) आणि न कापलेले मूळ ध्वनिमुद्रण असे चारही सादर केले, आणि प्रकरण मिटले. ही चार कागदपत्रे व ध्वनिमुद्रणे आपणही प्रत्येक वादग्रस्त विषयाला जपून ठेवा. तोंडी सांगण्याला चौकशीत काडीची किंमत नसते.

माझा खरा राग मात्र त्यानंतरच्या गोष्टीवर आहे. प्रकरण मिटल्यावर एका वरिष्ठांनी मला बोलावून आपुलकीच्या सुरात सुचवले की, मॅडम, आपण काही काळ रजेवर जा, नाहीतर शेती आणि चर्चा दुसऱ्याकडे देऊन संगीत सांभाळा, तिथे काही वाद होत नाहीत. त्याच इमारतीत एक पुरुष अधिकारी होते, ज्यांच्या पत्नी पंचायत समितीच्या सदस्य होत्या. त्यांना कोणी रजा सुचवली नव्हती की संगीत विभाग दाखवला नव्हता. पुरुष अधिकाऱ्याची पत्नी राजकारणात असली तर तो निःपक्षपाती राहू शकतो, आणि स्त्री अधिकाऱ्याचा नवरा राजकारणात असला की ती त्याच्याच तोंडाने बोलणार, हे ज्याला पटते त्याने आम्हाला निःपक्षपातीपणा शिकवू नये. मी त्यांना लेखी आदेश मागितला. तो आला नाही.

माझे धाकटे दीर आजही म्हणतात की, वहिनींनी घरच्याच माणसाचा आवाज दाबला, आणि २०१९ ला विधानसभेची उमेदवारी त्यामुळेच हुकली. उमेदवारी कशाने हुकली हे पक्षाला आणि त्यांना चांगले माहीत आहे, रेडिओचा त्याच्याशी काही संबंध नाही. राहिला आवाज दाबण्याचा प्रश्न. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवले आहे. माझ्या संसाराला त्यात वाटा मागता येत नाही. यजमान स्वतः त्या रात्री काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले की, ते उपाशीपोटीचे घेतले ना? घेतले होते. माझ्या दृष्टीने वाद तिथेच संपला, दिरांच्या दृष्टीने तो अजून चालू आहे.

म्हणून नोकरी सोडावी का, हे आपण स्वतःला विचारत बसू नका. यजमानांना समोर बसवून विचारा की, आपल्या पत्नीच्या केंद्रावरून आपला आवाज कधीही जाणार नाही, आपण खरे आणि चांगले बोललात तरी जाणार नाही, हे चालेल का. ते हो म्हणाले तर निर्धास्त राहा. नाही म्हणाले, तर उभे राहण्याचा फेरविचार त्यांनी करावा, पण राजीनामा आपण देऊ नये.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. आपण कायम सेवेत नसून नैमित्तिक निवेदिका असाल तर वरचे बरेचसे लागू पडणार नाही, तेव्हा आपल्या कराराच्या अटी आधी वाचा. आणि निवडणूक आयोगाच्या १९९८ पासूनच्या योजनेखाली मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणीवर जो मोफत वेळ मिळतो, त्याच्या संहिता आधी सादर कराव्या लागतात व त्या तपासल्या जातात. तसले किंवा निवडणुकीचे कुठलेही काम आपल्या टेबलावर आले तर ते दुसऱ्याकडे सोपवावे, असे यजमानांनी उमेदवारी अर्ज भरण्याच्या आधीच केंद्रप्रमुखांना लेखी कळवा आणि पोच घ्या.