पोपट लक्षात ठेवा

प्रश्न: कॉलेजात असल्यापासून 'जेन एअर' माझी लाडकी कादंबरी. परवा वाढदिवसाला बहिणीने 'वाइड सारगॅसो सी' दिलं, म्हणाली हीच गोष्ट पण जेन ज्याच्या प्रेमात पडते त्या रॉचेस्टरच्या वेड्या बायकोच्या बाजूने. निम्मं वाचलं आणि रॉचेस्टरचा असा काही राग आलाय की आता मूळ पुस्तक परत हातात धरवेल असं वाटत नाही. असली नवी रूपं वाचायची तरी कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर: राग आला ना, मग पैसे वसूल! अहो, १८४७ च्या मूळ पुस्तकात ही बायको, बर्था, तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली, नुसतं तिचं हसणं ऐकू येतं, आणि जेन-रॉचेस्टरच्या लग्नाच्या तोंडावर एका रात्री येऊन ती जेनचा लग्नातला जाळीदार बुरखा टराटरा फाडून पायाखाली तुडवते, पण बर्थाचं लग्न कसं झालं, ती वेडी कशी झाली हे सगळं आपल्याला सांगतो कोण तर रॉचेस्टर, म्हणजे ज्याने कुलूप लावलं तोच. 'वाइड सारगॅसो सी' लिहिणारी जीन रीस स्वतः कॅरिबियनमधल्या डॉमिनिकाची, तिला हे खटकणारच. १९३९ नंतर तिची कादंबरी आली ती थेट १९६६ ला, हीच. यात बाईचं खरं नाव आंत्वानेत, 'बर्था' हे नवऱ्याने चिकटवलेलं. आणि तो पोपट आठवतोय ना, सावत्र बापाने पंख छाटलेला, घर पेटल्यावर उडायला जातो आणि जळत खाली पडतो? मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

म्हणून नवं काही दिसलं की मी आधी बघते, माळ्यावरच्या बाईचं काय केलंय. 'जेन एअर'चा २०११ चा सिनेमा दिसायला झकास, पण बर्था आली कधी गेली कधी कळत नाही. दिलीपकुमार-मधुबालाचा 'संगदिल' (१९५२) याच गोष्टीवरचा, तो मी सज्जाद हुसेनच्या गाण्यांसाठी बघते, खोटं कशाला बोलू. पॅट्रिशिया पार्कच्या 'री जेन'मध्ये (२०१५) जेन न्यूयॉर्कची कोरियन-अमेरिकन मुलगी आणि बायको चक्क स्त्रीवादी प्राध्यापक, हे मला भारी वाटलं.

जेनवर मात्र रुसू नका. रॉचेस्टरची बायको जिवंत आहे हे कळल्यावर तीही पहाटे गुपचूप घर सोडून निघतेच की, खिशात जेमतेम पैसे.

आणि निम्म्यावर थांबू नका हो! मधला भाग बहुतेक रॉचेस्टरच्याच तोंडून आहे, तुम्ही नेमक्या तिथेच अडकलाय. शेवटच्या भागात आंत्वानेत परत बोलायला लागते. पोपटही.