मुंबईत इंग्रजी साहित्य आणि सर्जनशील लेखन शिकून पुढे काम मिळतं का?

मिळतं, पण नुसत्या पदवीवर नाही. जाहिरात, प्रकाशन, मालिका, सबटायटल, डबिंग ही सगळी कामं मुंबईत आहेत आणि तिथे लेखनाचे नमुने बघतात. अरुण कोलटकर इथेच जाहिरातक्षेत्रात नोकरी करत मराठी आणि इंग्रजी दोन्हींत कविता लिहीत राहिले. तुम्हाला मराठी येत असेल तर ती मुळीच सोडू नका. दोन्ही भाषांत सफाईने लिहिणारी माणसं कमी सापडतात. प्राध्यापक व्हायचंय? मग एमएला ५५ टक्के (खुल्या गटासाठी) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागते. रुईया, झेवियर्स, एल्फिन्स्टन, कुठेही प्रवेश घ्या, पहिल्याच वर्षी कॉलेजच्या नियतकालिकात लिहायला लागा. महागड्या लेखन कार्यशाळांची घाई नको. आधी दर आठवड्याला काहीतरी पुरं करून एखाद्या कडक शिक्षकांना दाखवा.