पागा कुणाची, शाळा कुणाची?

प्रश्न : परवा आजीची ट्रंक आवरताना तिचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. ती जन्मभर ‘मी हुजूरपागेची’ म्हणून ऐट मिरवायची, पण दाखल्यावर छापलंय ‘हायस्कूल फॉर इंडियन गर्ल्स’. शाळा एकच की दोन? आणि देशातली मुलींची पहिली शाळा हीच का? घरात यावरून दोन तट पडलेत.
— एक नात, चिंचवड

उत्तर : आजीवर संशय घेऊ नका हो, शाळा एकच. दाखल्यावरचं ते तिचं जुनं कागदोपत्री नाव, ‘हुजूरपागा’ हे लोकांच्या तोंडचं. हुजूर म्हणजे पेशवे, आणि ही त्यांच्या घोड्यांची पागा. ती जागा जमखंडीच्या संस्थानिकांकडून शाळेला मिळाली. आजही फलकावर ‘एच. एच. सी. पी. हायस्कूल’ आहे, पण लक्ष्मी रोडला जायला रिक्षावाल्याला ते नाव सांगून बघा! मीही तिथलीच, म्हणून हे ठासून सांगते.

‘पहिली’चं मात्र विसरा. जोतीराव-सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली 1848 मध्ये. हुजूरपागा 1884 ची, म्हणजे छत्तीस वर्षांनी धाकटी. कलकत्त्याचं बेथ्यून स्कूलसुद्धा 1849 चं. रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित यांना पुण्यात हवं होतं ते मुलींसाठी हायस्कूल. चार बुकं शिकून घरी बसायचं नाही, इंग्रजी आणि गणितासकट पुढे जायचं.

आणि भांडण पेटलं ते त्यावरूनच. टिळकांनी (तेव्हा ते ‘लोकमान्य’ व्हायचे होते) ‘मराठा’ या आपल्या इंग्रजी साप्ताहिकातून या शाळेच्या अभ्यासक्रमावर झोड उठवली. वेळापत्रकही त्यांना खटकत होतं. मुलींनी अकरा ते पाच शाळेत बसायचं तर घरचं काम कधी शिकायचं? तीन तास पुरेत, असं त्यांचं म्हणणं. दर 1 ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हार घालणारी मी, मला हे कळलं साठी उलटल्यावर! राग नाही आला. पण आमची आई साडेदहाला माझी वेणी करकचून घालायची आणि ‘पळ आता’ म्हणायची, ते आठवलं. त्या ‘पळ’साठी कुणीतरी केवढं भांडून ठेवलं होतं.

शाळेला वसतिगृह होतं, हेही घरच्यांना सांगा. इरावती कर्वे ब्रह्मदेशात जन्मल्या, नावही तिथल्या नदीचं. सातव्या वर्षी त्यांना शिकायला पाठवलं ते थेट हुजूरपागेच्या वसतिगृहात. तिथं शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली, शकुंतलाबाईंच्या वडिलांच्या, रँग्लर परांजप्यांच्या घरात इरावतींना मुलीसारखी जागा मिळाली आणि पुढचं सगळं आपल्याला माहीतच आहे. शांताबाई शेळकेही हुजूरपागेच्याच.

आता दाखल्याचं. कृपा करून लॅमिनेट करू नका. जुना कागद एकदा त्यात अडकला की सुटत नाही. घडी हलक्या हाताने उलगडून धुतलेल्या सुती कापडात सपाट ठेवा. त्याआधी ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना वाचा. माझी आत्या हुजूरपागेतच इंग्रजी पाचवीत (म्हणजे आताच्या नववीत) होती. तिच्या दाखल्यावर तिथे एकच शब्द आहे : लग्न. तुमच्या आजीच्या दाखल्यावर काय लिहिलंय, मला जरूर कळवा.