वाचकांचे सवाल : चप्पल आटली की ओ!

प्रश्न : दादा, आमच्या ह्यांची चप्पल धुऊन गच्चीवर वाळत टाकली होती, मे महिन्यातलं ऊन, मी विसरले. दुसऱ्या दिवशी बघते तर आठ नंबरची चप्पल सहा नंबरची झाली, टाच मागनं बाहेर येते. दुकानदार म्हणतो तुम्ही उकळत्या पाण्यात टाकली असणार. उन्हानं चप्पल आटते का? – जुळे सोलापूरहून एक ताई

उत्तर : आटते की ताई, आणि दुकानदाराला ते माहिती नसेल असं मला तरी वाटत नाही. ही हलकी, एकसंध, पाण्यावर तरंगणारी रंगीत चप्पल रबराची नसते, ईव्हीए नावाच्या प्लॅस्टिकची असते. म्हणजे दोन वस्तूंचे रेणू मिळून एक लांब साखळी. एक एथिलीन, ज्याच्यापासून दुधाची पिशवी होते, आणि दुसरं व्हिनाइल असिटेट, ज्याच्यापासून पांढरा फेविकॉल होतो. दुसऱ्याचं प्रमाण जितकं वाढवाल तितका माल मऊ, चिकट आणि लवकर पातळ होणारा. चपलेला साधारण वीस टक्क्यांच्या आसपास घालतात, म्हणून ती लवचिक होते पण उन्हाला कच्ची राहते.

आता गंमत ऐका. ह्या चपलेचा साचा चपलेपेक्षा लहान असतो! मालात गॅस सोडणारी पावडर मिसळलेली असते, साचा गरम करून एकदम उघडला की चप्पल टुणकन उडी मारून फुगते आणि आपल्या पायाएवढी होते. आत लाखो बारीक बंद फुगे, त्यामुळंच पाणी शोषत नाही आणि वजनाला काहीच नाही. पण फुग्यांच्या भिंती ताणलेल्याच असतात ना, आपल्याकडं पारा ४३ वर गेला की गच्चीची फरशी ६० च्या पुढं सहज जाते, माल मऊ पडतो, आतला वारा हळूहळू निघून जातो आणि भिंती परत आपल्या जुन्या मापाकडं ओढल्या जातात. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तरी हेच होणार.

उपाय अर्धामुर्धाच आहे. दोन मिनिटं गरम पाण्यात बुडवायची, मोजे घालून पायात चढवायची आणि गार होईपर्यंत तसंच बसायचं. थोडी ताणते, सहाची आठ काय होत नाही. ह्यांना नवीन घ्या, ही तुम्हीच वापरा. आणि पुढच्या वेळी सावलीत वाळवा, फरशीवर टाकायचीच कशाला, पाणी शोषतच नाही तर फडक्यानं पुसली की झालं.

प्रश्न : घरावर सोलर बसवायचाय, एजंट सांगतो पॅनेलच्या आत पण चपलेचंच प्लॅस्टिक असतं. थापा मारतो का? – होटगी रोड

उत्तर : नाही ओ, खरं सांगतोय. फक्त त्यात फुगे नसतात आणि व्हिनाइल असिटेट जास्त असतं, २८ ते ३३ टक्के. काच, खाली ईव्हीएचा पातळ पापुद्रा, मग वीज तयार करणारे सेल, परत पापुद्रा, मागं शीट, असं सँडविच लावून हवा काढून घेतात आणि दीडशे डिग्रीच्या आसपास दाबतात. पापुद्रा वितळून काचेसारखा पारदर्शक होतो आणि आतल्या रसायनामुळं साखळ्या एकमेकींत गुंततात, म्हणून नंतर कितीही ऊन पडलं तरी परत वितळत नाही. चप्पल आटली म्हणून पॅनेल आटेल ही भीती सोडा. हा, हलक्या मालात पाणी शिरलं तर काही वर्षांनी पिवळसरपणा येतो, आतल्या आत व्हिनेगरचं ॲसिड सुटतं आणि सेलवरच्या बारीक तारा खाऊन टाकतं. एजंटला चपलेचं सांगू नको म्हणावं, वॉरंटीचा कागद दाखव म्हणावं.

प्रश्न : सोल सुटला, फेवीक्विकनं चिकटवला, आठ दिवसांत परत उघडला. – एक कॉलेजकुमार

उत्तर : फेवीक्विक वाळून काचेसारखं कडक होतं, सोल मात्र प्रत्येक पावलाला वाकतो, मग तडकणारच. ईव्हीएवर तसंही काही पटकन धरत नाही. चांभार काय करतो बघ, आधी कानशीनं खरवडतो, दोन्हीकडं सोल्युशन लावतो, वाळू देतो आणि मग हातोडीनं ठोकतो. त्या वाळू देण्यातच सगळं आहे, आपण घाई करतो. ग्लू गन वापरू नकोस, तिची कांडी पण बहुतेक ईव्हीएचीच असते, उन्हात ती पण मऊ पडते.