बॉल दुसऱ्याच्या हातात असताना

प्रश्न : ताई, 2023 मध्ये NBA या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला डेमियन लिलार्ड पोर्टलंड संघ सोडून मिलवॉकी बक्सकडे गेला, तेव्हा बक्सचा स्टार यानिस आणि तो मिळून विजेतेपद आणणारच, अशी मी भावाशी पैज लावली होती. दोन्ही वर्षं बक्स पहिल्याच फेरीत बाहेर! भाऊ म्हणतो, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. स्टार गार्ड, म्हणजे बॉल हातात घेऊन खेळ रचणारा खेळाडू, नव्या संघाच्या आक्रमणात बसेल की नाही, हे आधी कसं ओळखायचं?

उत्तर : पैज हरलात, पण सगळा दोष जोडीवर ढकलू नका. 2024 च्या पहिल्या फेरीच्या मालिकेत यानिस दुखापतीमुळे खेळलाच नाही आणि 2025 मध्ये चौथ्या सामन्यात लिलार्डचा अकिलीस, म्हणजे टाचेमागचा स्नायुबंध, फाटला. दुखापतीपुढे कुठली पैज टिकणार?

तलवारींचं म्हणाल, तर भावाला 2017-18 चं ह्यूस्टन दाखवा. हार्डन आणि ख्रिस पॉल, दोघांनाही बॉल हातातच हवा. तरी हंगामात 65 विजय! प्रशिक्षक डॅन्टोनींनी एक बाहेर बसला की दुसरा मैदानात, अशी पाळी लावली आणि दोघांनाही आपापला खेळ बदलावा लागला नाही.

उलटं उदाहरण डेट्रॉइटचं. नोव्हेंबर 2008 मध्ये त्यांनी आपला गार्ड चॉन्सी बिलप्स देऊन डेन्व्हरकडून ॲलन आयव्हरसन घेतला. आयव्हरसन चार वेळा गुणांच्या सरासरीत लीगमध्ये पहिला आलेला. बिलप्सने उभ्या आयुष्यात एका हंगामातही सरासरी 20 गाठली नाही. कागदावर डेट्रॉइटची चांदीच. पण तिथे रिप हॅमिल्टन होता, स्क्रीनमागून स्क्रीन घेत, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत आडव्या उभ्या राहणाऱ्या सहकाऱ्यांच्या आडून, अख्खा सामना पळणारा. तो मोकळा होतो तो क्षणभर, आणि नेमका त्याच क्षणी पास यावा लागतो. बिलप्सला ती वेळ अंगवळणी पडली होती. आयव्हरसनला आधी चार ड्रिबल हवे. तोवर हॅमिल्टनचा डिफेंडर परत अंगावर आलेला असायचा. आदल्या हंगामात 59 सामने जिंकणारा संघ 39 वर आला आणि बिलप्सला घेऊन डेन्व्हर लीगच्या पश्चिम विभागाच्या (वेस्टच्या) अंतिम फेरीत पोहोचलं.

हे मला खेळताना कळलं नव्हतं, हेही सांगते. मी गार्ड. नव्या संघात मला कोपऱ्यात उभं केलं, तर मी हळूहळू बॉलकडे सरकायचे. माझ्यामागे माझी डिफेंडरही यायची आणि आत घुसणाऱ्या आमच्याच मुलीची वाट बंद व्हायची. ओरडा मात्र तिला बसायचा!

म्हणून जुने सामने काढा आणि पाच मिनिटं गार्डकडे फक्त बॉल नसतानाच बघा. त्याचा डिफेंडर मान वळवून बॉलकडे बघतोय, की एक हात त्याच्या कमरेला लावून चिकटून आहे? चिकटून असेल, तर आपला माणूस नुसता उभा राहूनही जागा मोकळी करतोय. गोल्डन स्टेटचा गार्ड स्टेफन करी तर पास दिल्यावरच खरा पळायला लागतो.

मग नव्या संघात त्याला स्क्रीन कोण देणार ते बघा. लिलार्ड थ्री-पॉइंटच्या रेषेच्या बऱ्याच बाहेरून मारतो, त्यामुळे स्क्रीनही तितक्याच बाहेर आणि भक्कम हवी. यानिस मुळात बॉल घेऊन धावणारा. स्क्रीन नीट लागायच्या आधीच त्याची पावलं बास्केटकडे वळायची. शिवाय तो बाहेरून फारसं मारत नाही, म्हणून बॉल लिलार्डकडे असला की यानिसचा माणूस निवांत मागे सरकून पेंटमध्ये, म्हणजे बास्केटजवळच्या रंगवलेल्या चौकोनात, उभा. मला विचाराल तर जोडी वाईट नव्हती, तुम्ही स्वप्न जरा मोठं पाहिलंत.

गुण घटले म्हणून लगेच घाबरू नका. लिलार्डची सरासरी 32.2 वरून 24.3 वर आली. बॉल वाटून घ्यायचा म्हटल्यावर तेवढं व्हायचंच. पुढची पैज हंगामाचे निदान वीस सामने झाल्यावर लावा. तोवर पास दिल्यावर तुमचा गार्ड कमरेवर हात ठेवून उभाच राहताना दिसला, तर भावाच्या बाजूने लावा.