अमेरिकेत कमी पैशांत पोटभर जेवण: ‘बीन्स अँड कॉर्नब्रेड’ घरी कसं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकायला टेनेसीत आलोय, शाकाहारी आहे, किराण्याचं गणित जमत नाही. इथले लोक ‘बीन्स अँड कॉर्नब्रेड’, म्हणजे रश्शातला घेवडा आणि मक्याच्या पिठाचा ब्रेड, करून खा म्हणतात. ते घरी जमेल का, खरंच स्वस्त पडतं का, आणि आपल्या जिभेला फिकं नाही का लागणार?

जमेल, स्वस्तही पडेल, आणि पहिल्या घासाला थोडं फिकं लागेलच. तरी माझं ऐका, पहिल्या खेपेला मिसळणाच्या डब्याला हात लावू नका. हे जेवण मीठ, स्निग्धांश आणि वेळ या तीन गोष्टींवर उभं आहे. मसाला घातलात की त्याचा राजमा होतो, आणि राजमा तुम्हाला येतोच.

मी पूर्व टेनेसीत बरीच वर्षं राहते. हे मला शेजारच्या बाईंनी शिकवलं. त्या ऐंशीच्या घरात आहेत आणि याला रेसिपी म्हटलेलं त्यांना हसू येतं. या डोंगराळ भागात, म्हणजे ॲपलाचियात, याला ‘सूप बीन्स’ म्हणतात. नावात सूप असलं तरी ताटात येतो तो पातळसर रश्शातला पिंटो बीन्स, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, आणि बाजूला ‘चाऊचाऊ’, म्हणजे कोबी, हिरवे टोमॅटो, मिरची वगैरेंचं व्हिनेगरमधलं आंबटगोड लोणचं.

आधी पैशांचं बोलू. पिंटोची एक पौंडाची, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमची पिशवी दीड-दोन डॉलरला मिळते. शिजून तिचे पाच-सहा कप होतात. एकट्या माणसाची तीन-चार जेवणं आरामात निघतात. मक्याचं पीठ, एक अंडं (खात असाल तर) आणि बटरमिल्क धरलं तरी एका वेळच्या जेवणाला डॉलरभरही पडत नाही. डबाबंद बीन्स मात्र घेऊ नका. सोय आहे, पण त्यात रस्सा नसतो, आणि या पदार्थात खरी चव रश्शाचीच.

पिंटो म्हणजे फिकट गुलाबी-तपकिरी, अंगावर ठिपके-पट्टे असलेला दाणा. साताऱ्याकडच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा पाहिला असेल तर ओळखीचा वाटेल, दोघं एकाच जातीचे. शिजताना पट्टे विरघळून जातात आणि सगळा दाणा एकरंगी तपकिरी होतो. शेजारच्या बाई दाणे टेबलावर पसरतात आणि बोटाने एकेक दाणा सरकवत मांडीवरच्या भांड्यात पाडतात, खडे आणि सुरकुतलेले दाणे मागे राहतात. पाकीट कितीही स्वच्छ दिसलं तरी हे करा. मातीचा एखादा खडा निघतोच.

रात्री भिजत घालताना पाण्यात मीठ घाला, लिटरभर पाण्याला चमचाभर. मिठाने कडधान्य शिजत नाही असं आपल्याकडे ऐकत आलोय, पण मिठाच्या पाण्यात भिजवलं तर उलट सालं मऊ होतात आणि कमी फुटतात. शिजू देत नाही ते आंबट: टोमॅटो, चिंच, व्हिनेगर. ते दाणा पुरता मऊ झाल्यावरच. पाणी जड असेल किंवा बीन्स जुने असतील तरी ते तासन् तास कडक राहतात. अशा वेळी चिमूटभर खायचा सोडा, त्याहून जास्त नको, नाहीतर साबणासारखी चव येते.

सकाळी पाणी ओतून द्या, नवं पाणी दाण्यांच्या वर तीन बोटं येईल इतकं घाला, एक अख्खा सोललेला कांदा, दोन-तीन लसूण पाकळ्या, तेजपत्ता, तीन मोठे चमचे तेल. इथली माणसं या जागी डुकराच्या पायाचा तुकडा (हॉक), खारवलेलं पोर्क किंवा बेकनची चरबी घालतात, धुराचा वास तिथून येतो. आपल्यासाठी स्मोक्ड पाप्रिका, म्हणजे धुरी दिलेल्या लाल मिरचीची पूड, चमचाभर, आणि तेलात कंजुषी नको. पहिली दहा-पंधरा मिनिटं चांगलं खळखळून उकळा, मग आच मंद करून दीड-दोन तास. मधूनमधून पाणी बघा, कमी झालं तर गरम पाणी घाला. शेवटी पळीभर दाणे भांड्याच्या कडेला दाबून चेचा आणि परत ढवळा, रस्सा लगेच दाट होतो. कुकर असेल तर भिजवलेल्या पिंटोला चार-पाच शिट्ट्या पुरतात, पण त्यानंतर झाकण काढून वीस मिनिटं मंद आचेवर ठेवाच, रस्सा तेव्हाच मिळून येतो.

त्या उकळीचं एवढं सांगतेय त्याला कारण आहे. विद्यार्थ्यांत बऱ्याच जणांकडे स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं, असतो आणि कच्चे बीन्स थेट त्यात टाकायचा मोह होतो. लाल राजम्यात फायटोहीमाग्लुटिनिन नावाचं विष असतं, चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. स्लो कुकरचं तापमान ते मोडायला पुरत नाही. पिंटोत ते बरंच कमी असतं, पण सवय एकच ठेवा: आधी भिजवा, पाणी फेका, गॅसवर उकळा, मग हवं तर स्लो कुकरमध्ये.

आता कॉर्नब्रेड. दुकानात ‘कॉर्नमील’ घ्या, आपल्या बारीक रव्यासारखं दाणेदार. भारतात कॉर्नफ्लोर म्हणून मिळणारं पांढरं स्टार्च चालणार नाही, आणि भारतीय दुकानातलं मक्याचं पीठ फार बारीक, त्याचा ब्रेड गच्च होतो. दीड कप कॉर्नमील, अर्धा कप मैदा, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, एक चमचा मीठ. दुसऱ्या भांड्यात दीड कप बटरमिल्क आणि एक अंडं फेटा, मग दोन्ही एकत्र करा. इथलं बटरमिल्क म्हणजे आपलं ताक नव्हे, ते दाट आणि आंबट असतं. नसेल तर दही थोड्या पाण्यात घुसळून घ्या. अंडं नको असेल तर दोन चमचे दही जास्त, ब्रेड जरा भुसभुशीत होतो इतकंच. ‘सेल्फ-रायझिंग’ मिक्स आणलंत तर बेकिंग पावडर, सोडा, मीठ त्यात आधीच असतं. तयार पाकिटांवरची घटकांची यादी वाचा, काहींत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते.

खरी गंमत तव्यात आहे. बिडाचा दहा इंची तवा, इथे स्किलेट म्हणतात, ओव्हनमध्ये २२० अंश सेल्सियसला (इथल्या ओव्हनवर ४२५) ठेवा, त्यात तीन चमचे तेल किंवा बटर. दहा मिनिटांनी सांभाळून काढा, अर्धं तेल पिठात ओता, भराभर ढवळा आणि पीठ तव्यात सोडा. चर्रर आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर तवा तापलेला नाही, आणि खालचा कुरकुरीत पापुद्रा विसरा. वीस-पंचवीस मिनिटांत कडा तव्यापासून सुटतात. मग ताटलीवर उलटा करायचा, तपकिरी बाजू वर. टेनेसीत असल्याचा फायदा म्हणजे लॉज कंपनीचे तवे इथलेच, साउथ पिट्सबर्ग गावातले. १८९६ पासून तिथे बीड ओततात, आणि त्याच गावात दर एप्रिलमध्ये राष्ट्रीय कॉर्नब्रेड महोत्सव भरतो. नवा परवडत नसेल तर थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, गंजलेला घ्या. तारेच्या घासणीने घासायचा, तेल लावून तापवायचा. आपल्या आज्या बिडाच्या तव्याला तेच करायच्या.

साखर घालायची का? हा इथे भांडणाचा विषय. उत्तरेत गोड करतात, दक्षिणेतले जुने लोक साखर घातली की त्याला केक म्हणतात. माझं मत दक्षिणेच्या बाजूने, कारण बीन्सबरोबर गोड ब्रेड चांगला लागत नाही.

ही जोडी नुसती स्वस्त म्हणून टिकलेली नाही. मका आणि घेवडा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, आणि इथले मूळचे रहिवासी चेरोकी लोक या डोंगरांत दोन्ही एकत्र पिकवत आणि एकत्र रांधत. प्रथिनांतला लायसिन हा घटक मक्यात कमी, घेवड्यात भरपूर, त्यामुळे प्रथिनांची बाजू भरून निघते. मका एकटाच खाल्ला तर काय होतं तेही याच दक्षिणेने पाहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मका, मळी आणि चरबीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला. अंगावर चट्टे, जुलाब, पुढे भ्रम. सरकारने १९१४ मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासाला पाठवलं आणि हा जंतूंचा रोग नसून आहारातल्या उणिवेचा आहे, हे त्यांनी दाखवलं. मक्यातलं नायसिन (एक ब-जीवनसत्त्व) शरीराला सहज मिळत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते मोकळं होतं. इथल्या गरिबांच्या रोजच्या कॉर्नमीलला मात्र ती रीत लावलेली नसे. आपणही यातून सुटलेलो नव्हतो. दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्यांतला पेलाग्रा हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी अभ्यासला होता. तेव्हा बीन्सबरोबर इथे स्वस्त मिळणारी कोलार्ड किंवा टर्निपची पालेभाजीही ठेवा. फक्त हॉटेलात मागवताना विचारा, ‘व्हेजिटेबल प्लेट’ म्हणून येणाऱ्या भाज्यांतही बऱ्याचदा पोर्क असतं.

उरलेल्याचं काय, तर बीन्स दुसऱ्या दिवशी जास्त चांगले लागतात, आणि रश्शासकट डब्यात भरून फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने टिकतात. कॉर्नब्रेड मात्र रात्रभरात कोरडा पडतो. त्याचे काप आडवे चिरून तव्यावर बटरमध्ये भाजा, नाहीतर उंच ग्लासात कुस्करून वर गार बटरमिल्क ओता आणि चमच्याने खा. इथल्या म्हाताऱ्या माणसांचं हे रात्रीचं जेवण असतं. मी त्यात किंचित मीठ आणि मिरपूड घालते. आणि तिसऱ्या दिवशी बीन्सचा कंटाळा आला की खुशाल लसूण, लाल मिरची आणि गोडा मसाला घालून फोडणी द्या, वर कोथिंबीर. तोवर मूळ चव कळलेली असेल, मग माझी काही हरकत नाही.